चार बोटं दांडी

थोरलीच्या हाताखाली कुठलीही वस्तू आली की ती सुटी झाल्याशिवाय राहत नसे, आणि तोंडाखाली माणूस आला तर तोही. त्या सकाळी मात्र ती कुणाच्याच वाटेला गेली नव्हती. घरामागच्या शेडमध्ये स्टुलावर बसून चाकांच्या वाकड्या तारा एका डब्यात आणि सरळ तारा दुसऱ्या डब्यात टाकत होती. बाहेर अंगणात टेम्पोत सायकली चढवण्याचा गोंधळ चालला होता, तिकडे तिचं अजिबात लक्ष नव्हतं. म्हणजे कान तिकडेच होते, पण मान वळवली असती तर शपथ.

आज सुनेची सायकल डोंगरावर चालली होती.

नवरा होता तोवर ती सायकल दुरुस्तीची शेड होती. तो गेला तेव्हा लोक म्हणाले, आता ही बाई कुलूप लावणार. बाईने शेडला लावलं नाही, लोकांच्या तोंडाला लावलं. पुढे चकचकीत नव्या सायकलींची दुकानं निघाली, दुरुस्तीला कुणी फिरकेना, आणि तेव्हाच ही भंगारवेडी मंडळी एकेक करून शेडमध्ये शिरली. एक शिंपी, एक रंगारी, आणखी दोघं-चौघं. कुणी उकिरड्यावरची फ्रेम उचलून आणायचा, कुणी बुडालेल्या गोदामातली चाकं, आणि महिनोन् महिने घासून, जोडून, रंगवून त्यातून जगात दुसरी नसेल अशी सायकल उभी करायचा. सगळ्यात शेवटी आली ती थोरलीची स्वतःची सून. दवाखान्यात दिवसभर लोकांचं रक्त तपासायचं, आणि घरी आलं की कपडे बदलून शेडमध्ये सासूचं आटवायचं, असं लेक हसून म्हणायचा. लेकाला हसायला काय जातं, तो कारखान्यात पाळीला असायचा.

शेडचे नियम थोरलीने घातलेले. बांधणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाचा हात त्या सायकलीला लागता कामा नये. लागला, की ती सायकल त्याची नाही. आणि सायकल बांधून झाली, की टेम्पोत घालून पाण्याच्या टाकीच्या डोंगरावर न्यायची आणि वरून चालवत खाली आणायची. वाटेत न थांबता, पाना न लावता खाली आली तर पास. थांबली तर नापास, पुढच्या वर्षी या.

सुनेने वर्षभर खपून सायकल बांधली होती. फ्रेम भंगारवाल्याकडची, चाकं एका म्हाताऱ्या दूधवाल्याची, ब्रेक कुठल्याशा शर्यतीच्या सायकलीचे. आणि हँडल तिने स्वतः जुन्या बाजारात फिरून फिरून निवडलेलं, उंच दांडीचं. हँडलच्या पोटातून जी नळी खाली फ्रेममध्ये उतरते, तिला शेडमध्ये दांडी म्हणत. दांडी जितकी आत, तितकं हँडल खाली. जितकी बाहेर, तितकं वर. दांडीवर एक आडवी रेघ कोरलेली असते. वर ओढताना ती रेघ दिसली की हात थांबवायचा, कारण त्यापुढे ओढलं तर आत धरून ठेवायला दांडीच उरत नाही. शेडमध्ये पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला थोरलीने पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, जवळजवळ कान धरून.

भांडण झालं ते या हँडलवरून.

"हे हँडल आहे का उंटाची मान?" थोरली म्हणाली होती.

"माझी पाठ दुखते, आई. वाकून नाही चालवता येत मला."

"उतारावर ताठ बसून यायला तू काय मिरवणुकीत चालली आहेस? खाली बसव ते."

"सायकल कुणाची आहे?"

"शेड कुणाची आहे?"

"आणि नियम कुणाचा आहे?" सून म्हणाली. त्याबरोबर बाकीची मंडळी एकदम आपापल्या नटबोल्टात गुंग झाली.

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं दार लाव, दिवा घालव, इतक्यावर आलं होतं. म्हणून थोरली आज निरोप द्यायला बाहेर गेली नाही. टेम्पो घरघरत निघून गेला. तिने आणखी एक तार वाकड्यांच्या डब्यात टाकली. ती सरळ होती.

मग शिंपीबुवा आत डोकावले. शेजारचेच. शेडमधल्या झाडून सगळ्या सीटना खोळी यांनी शिवलेल्या. माणूस सुईसारखा बारीक आणि धाग्यासारखा लांबण लावणारा.

"गेले का सगळे? मशिनचा पट्टा तुटला बघा ऐन वेळी. आता मी आपला स्कूटरवरून जातो मागनं." ते खोळीची पिशवी सावरत म्हणाले, "सूनबाईंची सायकल काय दिसतेय, बाई! राग मानू नका, पण ते हँडल उंचच शोभतं तिला."

"उंच कुठे आहे आता?" थोरली तोंड न वळवता म्हणाली. "मानलंन् ना शेवटी. खाली बसलंय ते."

"बसलं होतं. सकाळी परत वर केलं की त्यांनी."

थोरलीचा हात थांबला.

"कुणीतरी गुपचूप खाली बसवलंय, असं म्हणाल्या. कुणी, ते नाही म्हणाल्या, पण या बाजूला बघून म्हणाल्या." शिंपीबुवा रंगात आले होते. "मी अंगणातच होतो. हात नाही लावला हं, नियम माहीत आहे मला. त्यांनी बोल्ट सैल केला, वरून हातोडीने टक् केलं, आणि ओढलं वर."

"किती वर?"

"होतं तितकं. पहिल्यासारखं. मी म्हटलंसुद्धा, रेघ बघा हं सूनबाई. त्या म्हणाल्या, रेघ अजून दिसतच नाहीये काका, भरपूर आत आहे. मी वाकून बघितलं. खरंच नाही रेघ. मग घट्ट आवळलं त्यांनी."

थोरलीच्या हातातल्या तारा खाली सांडल्या.

रेघ दिसणार कशी? रेघ तिच्या कामाच्या डगल्याच्या खिशात होती.

सून दवाखान्यात गेलेली असताना तिने हे केलं होतं. आधी नुसतं हँडल खाली ठोकायला गेली. पण फ्रेममधली नळी तळाशी अरुंद असते, दांडी तिथे अडली, पुढे जाईना. दुसरी कुणी असती तर तिथे हात आखडता घेतला असता. थोरलीला अडलेली वस्तू बघवत नाही. तिने दांडी बाहेर काढली, पकडीत आवळली आणि खालून चार बोटं कापून टाकली. कापलेल्या तोंडाला कानस मारली, दांडी आत आवळून धरणारी तळाची पाचर परत बसवली, डब्यातून आखूड बोल्ट शोधून घातला. हँडल मग असं खाली बसलं की बस्स. बाहेरून दांडी तीच, तशीच चमकणारी. थोरलीला वाटलं, एकदा खाली येईल, हात सुखावतील, आणि मग ही आपणहून गप्प होईल. तुकडा भंगाराच्या डब्यात टाकायची सोय नव्हती, तिथे सगळ्यांचे हात जातात. म्हणून खिशात राहिला. त्या तुकड्यावर ती आडवी रेघ होती.

आता दांडी पहिल्याइतकी वर ओढलेली होती, आणि खालची चार बोटं इथे खिशात. म्हणजे आत उरली असेल बोटभर. टेम्पोतून जाताना काही होणार नाही. बसून चालवताना कदाचित पहिली काही वळणंसुद्धा निभावतील. पण जोरात ब्रेक मारला, सगळा भार हातांवर आला, की हँडल उपटून हातात. आणि पुढचं चाक जाईल त्याला हवं तिकडे.

"बाई? काय झालं? तोंड असं का झालं तुमचं?"

"माझा फोन कुठे आहे?"

फोन तिच्या पुढ्यातच होता. तिने सुनेला लावला. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली. मग तिला आठवलं. डोंगरावर जाताना सगळ्यांचे फोन एका पिशवीत आणि पिशवी टेम्पोच्या सीटखाली, चालवताना कुणाला खिशात हात घालायचा मोह नको म्हणून. हाही नियमच. कुणाचा, ते सांगायला नको.

वर दुसरा फोन एकच, टाकीच्या रखवालदाराचा. तो थोरलीच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, तिचा भावजी. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या कानात गेलेली गोष्ट टाकीतल्या पाण्याबरोबर घरोघरच्या नळाला यायची.

तिने फोन लावला.

"बोला वहिनी! आत्ताच पोचली तुमची फौज. सायकली उतरवतायत. काय रंग दिलाय हो एकेकीला—"

"भावजी, सूनबाई आहे का तिथे?"

"ही काय, समोर. सीटवरची धूळ पुसतेय. तिचा पहिला नंबर आहे म्हणे."

एवढंच म्हणायचं होतं, तिला सांगा मी दांडी कापलीये. पाच शब्द. थोरलीने आयुष्यात बोलायला कधी विचार केला नव्हता, आणि आता जीभ टाळूला चिकटून बसली. भावजी ऐकणार. त्यांच्याबरोबर रंगारी ऐकणार, सगळे ऐकणार. जिने हात लावू नये म्हणून नियम घातला, तिनेच चोरून हात लावला. तोही सुनेच्या सायकलीला. तोही सून घरात नसताना.

"तिला म्हणावं, मला बरं नाही," थोरली म्हणाली. "छातीत दुखतंय. ताबडतोब घरी यायला सांगा."

"अरे बाप रे! वहिनी, पडून राहा, हलू नका! आत्ता पिटाळतो तिला!"

"टेम्पोत बसवून—" थोरली म्हणाली, पण फोन बंद झाला होता.

तिने श्वास सोडला. झालं. खोटं तर खोटं, पोरगी त्या सायकलीवर बसत नाही, एवढं झालं. घरी आली की बघू, काहीतरी खुसपट काढून तिला ते हँडल बदलायला लावू.

शिंपीबुवा तिच्याकडे टकामका बघत होते. "तुमच्या छातीत दुखतंय?"

"नाही."

"मग त्यांना कशाला...? आणि आज त्यांचा पास व्हायचा दिवस, बाई. हे बरं नाही केलंत." मग त्यांनी कपाळाला आठी घातली. "पण येणार कशा त्या? टेम्पो तर सगळ्यात शेवटी निघतो."

"टेम्पोनेच येईल. रंगारी आणेल की."

"छे! रंगारी आता टेम्पो वळवणार, दोर सोडणार, फळ्या उतरवणार. सूनबाई कशाला थांबतील तोवर? घरी सासू छाती धरून बसलीये, हातात सायकल आहे, समोर उतार आहे. त्या तर उडत येतील."

थोरली उठून उभी राहिली. स्टूल मागे कलंडलं.

उडत येतील. बोटभर दांडीवर. नेहमीसारखी आली असती तर निदान सांभाळून आली असती. आता जिवाच्या आकांताने येणार, ब्रेक न मारता येणार, आणि मारायची वेळ आली की एकदम मारणार. सायकलीवर बसू नये म्हणून जे केलं, त्यानेच तिला सायकलीवर बसवलं आणि वर पाठीत धक्काही दिला.

तिने भावजींना परत फोन लावला. फोन गुंतलेला. नळाला पाणी सुटलं होतं.

"स्कूटर काढा."

"कुठे?"

"वर! काढा म्हणते ना!"

घराच्या मागच्या गल्लीतून निघून ट्रकचा मोठा रस्ता ओलांडला की डोंगराचा रस्ता सुरू व्हायचा. शिंपीबुवा स्कूटर चालवायचे ती टीप मारल्यासारखी, रस्त्याच्या कडेकडेने, एका सरळ रेघेत, आणि तितक्याच गतीने.

"पळवा हो जरा! कुणाच्या मापाला चाललाय का?"

"चढ आहे बाई, आणि तुम्ही काही हलक्या नाही. झालंय काय, ते तरी सांगा!"

एका हाताने त्यांचा खांदा धरून दुसऱ्या हाताने ती फोन लावत होती. वारा कानात भरत होता. तिच्या डोळ्यांसमोर रस्ता होता, पण वरून खाली येणारा. टाकीपासून खाणीच्या फाट्यापर्यंत तो माणसात असतो. वळणं आहेत, पण उतार बेताचा. फाट्याला एक कच्चा रस्ता उजव्या अंगाने वर खाणीकडे चढतो, आणि डांबरी रस्ता तिथून जे तोंड टाकतो ते थेट तळाशी, ट्रकच्या मोठ्या रस्त्यावर. तिथे दोन्ही ब्रेक दाबल्याशिवाय कुणाची सुटका नाही. म्हणजे काय करायचं ते फाट्यापर्यंत.

फोन लागला.

"कोण? वहिनी?" भावजींचा आवाज चिरकला. "अहो तुम्ही कशा बोलताय? आत्ता मी आमच्या धाकट्या पोराला सांगत होतो, डॉक्टर घेऊन जा—"

"भावजी, ऐका. तिला थांबवा. सायकलीवर बसू देऊ नका."

"गेली की ती! ऐकतेय का कुणाचं! मी म्हटलं टेम्पो काढतील, थांब, तर म्हणाली आई एकट्या आहेत. गेलीसुद्धा. बाकीचे निघतायत आता—"

"मला काही झालेलं नाही!" थोरली ओरडली, वाऱ्यापेक्षा मोठ्याने. "मी तिच्या हँडलची दांडी कापलीये. ऐकू आलं? मी कापली, खालून चार बोटं! कुणाला न सांगता कापली, आणि तिने ती वर काढलीये. ते हँडल निघणार आहे, भावजी! बाकीच्यांना तिच्या मागे सोडू नका, मागे कुणी आलेलं दिसलं तर ती अजून पळवेल. सांगा सगळ्यांना. खुशाल सांगा!"

टाकीचा भावजी गप्प झाल्याचं थोरलीने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

स्कूटर मात्र हेलकावली. शिंपीबुवांनी मान मागे वळवली होती. "तुम्ही? तुम्ही कापली?"

"पुढे बघा! माझ्याकडे नंतर बघा. सगळी जिंदगी आहे माझ्याकडे बघायला."

त्यांनी पुढे पाहिलं. आणि मग, हे मात्र खरं, त्या माणसाने कधी पळवली नसेल अशी स्कूटर पळवली.

फाटा रिकामा होता. थोरली उतरली ती गुडघ्यांना न विचारता. वरच्या वळणाकडे तोंड करून उभी राहिली आणि कान लावला. पाखरं. खाणीतलं कुठलंसं यंत्र. स्वतःची छाती.

"स्कूटर आडवी लावतो रस्त्यात," शिंपीबुवा म्हणाले. "बघून थांबतील."

"खबरदार! आडवी दिसली की दोन्ही ब्रेक करकचून मारेल. त्यालाच तर मी भितेय. कडेला घ्या ती, पार झाडीत घाला."

"मग थांबवणार कसं?"

"चढ थांबवेल. खाणीकडे वळली तर चढ आपोआप थांबवेल. तुम्ही दिसू नका, आणि एक अक्षर बोलू नका."

मग तो आवाज आला. चाक मोकळं पळतं तेव्हा मागच्या चक्रीची होते ती किरकिर, लांबून रातकिड्यासारखी. प्रत्येक सायकलीची निराळी. ही चक्री सुनेने तीन चक्र्या फोडून एक केलेली, आणि थोरलीने वर्षभर ती शेडमध्ये ऐकून ऐकून नाकं मुरडलेली. किरकिर जवळ येत चालली. बारीक होती ती दाट झाली.

वळणावरून सून बाहेर आली.

ताठ बसली होती. हँडल छातीपाशी, केस मागे, डोळे बारीक केलेले. रंग उन्हात असा लखलखत होता की एरवी थोरलीने मनातल्या मनात का होईना, वाहवा म्हटलं असतं. तिने नजर हँडलवर ठेवली. चाक सरळ होतं आणि हँडल किंचित तिरकं. किंचितच. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. दांडी आत फिरायला लागली होती.

सुनेने सासूला पाहिलं. रस्त्याच्या कडेला, दोन पायांवर, ठणठणीत. तिचं तोंड उघडलं. आणि थोरलीला दिसलं की हँडलवरची बोटं सुटी होऊन ब्रेककडे चालली आहेत.

"ब्रेक नको!"

हा आवाज भरल्या शेडमध्ये चार हातोड्यांवरून ऐकू जायचा.

"ब्रेक मारू नको! खाणीकडे घे! हँडल ओढू नको, नुसतं कल!"

या बाईने सुनेला आजवर किती हुकूम सोडले असतील. निम्मे सुनेने ऐकले नव्हते, आणि उरलेले दात-ओठ खाऊन ऐकले होते. बोटं ब्रेकवर टेकली. थोरलीला ती एकेक दिसत होती, नखांसकट. रागाने पांढरी झालेली. ती मिटली असती तर गोष्ट तिथेच संपली होती.

मिटली नाहीत. सुनेने अंग उजवीकडे झुकवलं. सायकल थोरलीच्या इतकी जवळून गेली की डगला फडफडला, आणि डांबरावरून खाली खडीत उतरली. मागचं चाक घसरलं, सावरलं. धूळ उडाली. किरकिर चढावर विरळ होत गेली, आणखी विरळ, एकेक टिकटिक ऐकू यायला लागली, आणि मग सुनेचे दोन्ही पाय जमिनीला लागले.

थोरली चढ चढून तिच्यापर्यंत गेली तेव्हा सून अजून सायकलीवरच होती, धापा टाकत.

"तुम्ही उभ्या आहात," ती म्हणाली.

"हो."

"टाकीवरचे काका म्हणाले, तुमच्या छातीत..."

"खोटं होतं ते."

"खोटं?" सून खाली उतरली. तिचा आवाज आधी बसला आणि मग उसळला. "खोटं? मी वरून काय काय मनात घेऊन आलेय माहितीये तुम्हाला? वाटेत तुमच्या लेकाला कसं सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होते मी! आणि तुम्ही इथे उभ्या! पास होत होती माझी सायकल, आई. पोचलेच होते मी. तेवढंही बघवलं नाही ना तुम्हाला?" आणि तिने सायकल खाली वळवण्यासाठी दोन्ही हातांनी हँडलला हिसका दिला.

हँडल तिच्या हातात आलं.

काही आवाज झाला नाही. कुपीचं बूच निघावं तसं निघालं. पुढचं चाक लटकन फिरलं, सायकल तिच्या पायांशी आडवी झाली, आणि सून हातात हँडल धरून तशीच उभी राहिली. ब्रेकच्या दोन तारा हँडलपासून सायकलीपर्यंत लोंबत होत्या.

तिने हँडल उलटं केलं. दांडीचं टोक बघितलं. कापलेल्या कडेवरून एकदा अंगठा फिरवून बघितला.

"ही कानस तुमची आहे," ती हळू म्हणाली. "एकाच दिशेने मारलेली."

थोरलीने खिशात हात घातला. तुकडा बाहेर काढला आणि दांडीच्या टोकाला लावला. चार बोटं, त्यावर आडवी रेघ. बरोबर बसला.

"उतारावर तू खाली बसून यावंस, असं मला वाटत होतं," ती म्हणाली. "दांडी जाईना म्हणून कापली. वाटलं, तुला कळणार नाही."

सुनेने वळून खाली पाहिलं. फाट्यापुढे रस्ता तोंड टाकून जात होता तिकडे. तळाशी एक ट्रक भोंगा वाजवत गेला.

"आणि छातीत दुखतंय, ते सरळ खोटं," ती शेवटी म्हणाली.

"तेव्हा खोटं होतं."

"आणि आता?"

"आता दुखतंय," थोरली म्हणाली.

सून हसली नाही.

तेवढ्यात टेम्पो हळूहळू उतरत आला आणि फाट्याला थांबला. मागच्या मोकळ्या भागात सायकली धरून मंडळी उभी होती. भावजींनी त्यांना चालवत येऊ दिलं नव्हतं. रंगारी खाली उतरला, सुनेच्या हातातलं हँडल बघितलं, थोरलीच्या हातातला तुकडा बघितला. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. शिंपीबुवा झाडीतून बाहेर आले, एक अक्षर न बोलता, सांगितलं होतं तसे.

"तुम्हाला कळलंच असेल," थोरली म्हणाली. "मी कापली. नियम माझा आणि हात माझा. या बिचारीचा काही दोष नाही. ती थांबली ती मी थांबवली म्हणून. तेव्हा ही सायकल पास समजा. मी—"

"नापास," सून म्हणाली.

"अगं, मी म्हणते ना—"

"वाटेत थांबली. दुसऱ्याचा हात लागला. नियमाने ती आता माझीसुद्धा नाही." तिने नाक ओढलं. "सगळी सुटी करीन. पहिल्या बोल्टापासून परत बांधीन. पुढच्या वर्षी येईन. दांडी नवी आणीन, आई. उंच."

"किती उंच?"

"उंटाच्या मानेएवढी."

थोरलीने तोंड उघडलं आणि मिटलं. शेडमधली माणसं ते बघायला आणखी एक डोंगर चढली असती.

"टेम्पोत टाका ती, ताई," रंगारी म्हणाला. "नेतो मी."

"नको. माझी नसली तरी मीच नेणार."

पण हँडल नसलेली सायकल उतारावर एकट्याने नेता येत नाही. सून सीट धरून ढकलायची, तर पुढचं चाक मनाला येईल तिकडे वळायचं, आणि हँडल तारांना लोंबत चाकात घुसायला बघायचं. फाट्यापर्यंत जाईतो ते दोनदा अडकलं. तारा सोडायच्या तर पाना लागणार, आणि वाटेत पाना लावायचा नाही. थोरली मागून बघत चालली होती. हात शिवशिवत होते, ते तिने डगल्याच्या खिशात कोंबून ठेवले होते.

"धरा ते हँडल," सून मागे न बघता म्हणाली.

"हात लावू?"

"हँडलच फक्त. फ्रेमला नाही."

थोरलीने हँडल उचललं. तारा आखूड होत्या. हँडल सांभाळायचं तर सुनेच्या खांद्याला खांदा लावून चालावं लागत होतं, पुढेही जाता येत नव्हतं आणि मागेही राहता येत नव्हतं. मागून टेम्पो पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या चालीने सरकत होता. फाट्याखालचा उतार सुरू झाला तशी सायकल ओढ घ्यायला लागली. सून सीटला लटकली, तिच्या टाचा घासल्या.

"ब्रेक," ती दातांतून म्हणाली.

थोरलीने दाबला.

"पुढचा नको! मागचा. हळू."

"हळूच दाबतेय."

"आणखी हळू. आता सोडा."

थोरलीने सोडला.

"दाबा."

तिने दाबला. खाली मोठ्या रस्त्यावर ट्रक जात होते, एकामागून एक, आणि तिथपर्यंतचा सगळा उतार अजून बाकी होता.